तांदळातले देव

सांगलीत श्रावणाच्या तोंडावर दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. तिथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. आकडा कानावर पडला की गावभागातल्या, म्हणजे नदीजवळच्या जुन्या वस्तीतल्या, माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. कुठल्या गल्लीत गटारीतून पाणी उलटं यायला लागलं असेल, कुणाच्या घरी धान्याची पोती माळ्यावर चढत असतील, हे तो जागच्या जागी ओळखतो. माझे वडील, आमचे आबा, आकडा ऐकून नुसतं एवढंच म्हणायचे, "अजून दोन पायऱ्या हाईत." आणि पुन्हा जेवायला बसायचे.

५ ऑगस्ट २०१९. नागपंचमीचा सोमवार होता. मी विश्रामबागेत माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मोबाइलवर तो आकडा दर तासाला बघत होतो. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात आई होती, दादा-वहिनी होते, त्यांची दोन मुलं होती. आकडा बघायचा आणि फोन खाली ठेवायचा, असं चाललं होतं. दादाशी मी पाच वर्षं बोललो नव्हतो.

हे पाच वर्षांचं आधी सांगायला हवं.

आबा २०१२ ला गेले. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर ते दिवाणजी होते. उभा जन्म सौद्यांच्या नोंदी लिहिण्यात गेला. हळदीची भुकटी त्यांच्या नखांच्या कडांना कायमची बसली होती. आई म्हणायची, ह्यांना देवापुढं वेगळा भंडारा लावायला नको. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, कऱ्हाड तालुक्यात तारळी नदीच्या काठचा. पौषात तिथं खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून ते मी पाहिलं आहे. म्हणजे खरं तर पाहिलं असं नाही. पिवळ्याधमक धुळीत डोळे मिटून घेतले होते, आणि खालून आबांचा आवाज येत होता तेवढा आठवतो. त्या गर्दीत त्यांनी माझे दोन्ही पाय घोट्यापाशी घट्ट धरले होते. श्रद्धा हा शब्द कुणी उच्चारला की अजून मला आधी घोट्यांवरची ती पकड जाणवते.

आबा गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही भाऊ वेगळे झालो. कारण घराचं. घर आबांच्या नावावर होतं, दादा त्यात राहत होता, मला फ्लॅटचे हप्ते होते आणि माझा हिस्सा पैशात हवा होता. दादाकडं पैसे नव्हते. त्यानं सांगितलं, "थोडं थांब." मी थांबलो नाही. वकिलाकडून नोटीस पाठवली. सख्ख्या भावाला, ज्या घरात आपण दोघं एका गोधडीत झोपलो त्या घराच्या पत्त्यावर, रजिस्टर टपालानं. आज लिहितानाही हात जड होतो. पण ते मीच केलं आहे, तेव्हा मीच लिहायला हवं.

आमच्याकडं भाऊ वेगळे झाले की देवही वेगळे होतात. मूळचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, थोरल्याच्या देव्हाऱ्यात राहतात, धाकटा सोनाराकडून नवे घडवून घेतो, कुलदैवताच्या पायाशी नेऊन देवभेट करतो आणि आपल्या घरी मांडतो. मी सराफ कट्ट्यावर गेलो. खंडोबा, भवानी, जोतिबा असे चांदीचे तीन टाक सांगितले. सोनारानं मान वर न करता विचारलं, "वेगळं झालात व्हय?" त्याला ते रोजचंच असणार. मी हो म्हटलं आणि वजनाचं, मजुरीचं बोलू लागलो.

बायकोची अन्नपूर्णा जुन्या देव्हाऱ्यात होती. मुलीला लग्नात माहेराहून अन्नपूर्णा देतात, ती सासरच्या देवांत बसते. आमच्या देव्हाऱ्यात आईची, वहिनीची आणि माझ्या बायकोची अशा तीन पितळी अन्नपूर्णा एका ओळीत होत्या. आजीची तिच्या पाठोपाठ नदीत सोडली होती. बहिणीची तिच्याबरोबर कोल्हापूरला गेलेली. नीट पाहिलं तर देव्हारा म्हणजे घरात कोण कुठून आलं याची वहीच असते. आम्ही पुरुषांनी वाटणी करताना टाकांचं तेवढं बोलून घेतलं. अन्नपूर्णेचा विषयही निघाला नाही. बायकोनं आपली उचलली, पदरात गुंडाळली आणि रिक्षात बसली. आई दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "तुमचे देव तुम्ही वाटले. आमच्या अन्नपूर्णांना कुणी इचारलं न्हाई."

त्यानंतर पहिली चंपाषष्ठी आली. खंडोबाच्या घरात त्या दिवशी तळी भरतात. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा मांडायचा, आणि पाच जणांनी गोल बसून ते ताम्हन एकदम उचलायचं, येळकोट येळकोट जय मल्हार म्हणत. पाच किंवा सात, माणसं विषम लागतात. जुन्या घरी आबा, दादा, मी आणि आमचा दोघांचा एकेक मुलगा असे बरोबर पाच होतो. माझ्या फ्लॅटमध्ये मी आणि सात वर्षांचा मुलगा. खालच्या मजल्यावरचे दोघे आणि रखवालदार यांना बोलावून आणलं. भली माणसं, आली, हात लावला, प्रसाद घेतला. पण येळकोट म्हणताना माझा एकट्याचाच आवाज निघाला. पुढच्या वर्षीही तसंच झालं. तिसऱ्या वर्षी मी कुणाला बोलावलं नाही. ताम्हन देवापुढं ठेवलं, नमस्कार केला आणि कामाला गेलो. तिकडं दादाकडं काय होत असेल हे मनात आलं होतं. तिथंही दोघंच होते, दादा आणि त्याचा मुलगा.

त्याच सुमारास झोप गेली. रात्री अडीचच्या सुमाराला जाग यायची ती यायचीच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. कुणी सांगितलं म्हणून दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊन आलो. मी त्याला नावं ठेवणार नाही. तिथं खरोखरच शांत वाटलं. पहाटेचं थंड अंगण, पाखरं, कुणी काही विचारत नाही. पण एस.टी.नं परत येताना पेठ नाका मागं पडला, सांगलीच्या पाट्या दिसू लागल्या, तसतसं पोटात तेच जुनं जमा होत गेलं. मी शांती शोधायला माणसं मागं ठेवून गेलो होतो आणि अशांती तर त्या माणसांपाशीच होती. घरी रोज पूजा करत होतो. नवे टाक घासून लखलखीत ठेवत होतो. तरी त्यांच्याकडं बघताना परक्या घरी आल्यासारखं वाटायचं, हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. देवाला तर नाहीच.

तर तो सोमवार. रात्री फोन वाजला. वहिनीचा.

"भावजी, पाणी गल्लीच्या तोंडाला आलंय. आत्यांना तेवढं तुमच्याकडं न्या."

मंगळवारी सकाळी गाडी जाईल तितकी पुढं नेली आणि तिथून चालत निघालो. कृष्णेचं पाणी धावून येत नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही. ते आवाज न करता चढतं. वर महाबळेश्वरात, कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळत असतो, धरणं भरलेली असतात, सोडलेलं पाणी कऱ्हाडवरून खाली येतं. आणि शहराच्या खाली हरिपूरला वारणा मिळते. ती स्वतःच फुगलेली असली की कृष्णेला पुढं वाट देत नाही. मग पाणी तुंबतं आणि सांगली खालून भरत जाते, हंडा भरावा तशी.

गुडघाभर पाण्यातून समोरून ते आले. पुढं दादा, त्याच्या खांद्यावर धाकटी. मागं त्याचा मुलगा, वहिनी, आमच्या परड्याकडच्या खोलीत राहणारे जैन आजी-आजोबा. आणि मधोमध आई, डोक्यावर स्टीलचा मोठा डबा. कपड्यांची बोचकी इतरांकडं, आईकडं फक्त डबा. मी घ्यायला हात पुढं केला, तर तिनं दिला नाही. पाण्याच्या कडेला आल्यावर ती थांबली. वहिनीनं पिशवीतून खण आणि नारळ काढला. आईनं वाकून त्या गढूळ पाण्याची ओटी भरली. ज्या पाण्यानं घराबाहेर काढलं त्याच पाण्याची. मला राहवलं नाही, "अगं, आत्ता कशाला?" म्हणालो. ती म्हणाली, "माय चिडली म्हणून परकी हुती व्हय?"

दादा काही बोलला नाही. मीही. गाडीत तो मागं बसला.

आमच्या दोन खोल्यांत आणि स्वयंपाकघरात आता आम्ही चौघं, त्यांच्याकडचे पाच आणि आजी-आजोबा, अशी अकरा माणसं. वीज गेली. नळाला पाणी नाही. दूध नाही. आईनं ओल्या अंगानंच आधी माझ्या देव्हाऱ्यापुढं बसून डब्याचं झाकण काढलं. डबा तांदळानं भरलेला होता. तिनं हात आत घातला आणि एकेक देव बाहेर येऊ लागला. खंडोबाचा टाक. भवानीचा. जोतिबाचा. बाळकृष्ण. शंख. दोन अन्नपूर्णा. सगळ्यांना तांदळाचे दाणे चिकटलेले. "एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तांदळात घातले," ती म्हणाली, "आन अन्नपूर्णा काय, तांदळातच बसती." देव्हारा लहान होता, माझ्या तीन टाकांपुरता घेतलेला. तिनं पाट मागितला, जमिनीवर मांडला आणि सगळे देव पाटावर बसवले. माझे नवेही. जुने टाक झिजून गुळगुळीत झालेले, खंडोबाच्या घोड्याचे पायसुद्धा आता दिसत नाहीत. नवे धारदार, चकचकीत. एका ओळीत आलटून पालटून. बायको आत गेली आणि आपली अन्नपूर्णा घेऊन आली. आईनं ती आपल्या अन्नपूर्णेशेजारी ठेवली आणि ओळ बोटानं सरळ केली.

त्या संध्याकाळी समईच्या उजेडात मुलांनी शुभंकरोती म्हटली. माझ्या मुलांना ती पाठ नव्हती. दादाची धाकटी पुढं आणि ही दोघं मागून एकेक शब्द उचलत. आजी-आजोबा सूर्य मावळल्यावर अन्न घेत नाहीत, त्यांचा चातुर्मास चाललेला. त्यामुळे स्वयंपाक पाचला उरकला होता. कांदा-बटाटा वगळून त्यांच्यासाठी वहिनीनं मुगाचं वरण केलं होतं, मग सगळ्यांनीच तेच खाल्लं. दिवेलागणीला कामं संपलेली, वीज नाही, टीव्ही नाही, मोबाइलची बॅटरी राखून ठेवलेली. अकरा माणसं एका समईकडं तोंड करून बसलेली. बाहेर पाऊस. मला आठवत नाही कोणत्या क्षणी, पण दादानं आबांच्या चालीत आरती सुरू केली आणि माझा आवाज आपोआप त्याच्या खालच्या पट्टीत जाऊन बसला, लहानपणी बसायचा तसा. गळ्याला ती जागा माहीत होती. भांडण गळ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

रात्री बाहेरच्या खोलीत आम्ही पुरुष आणि मुलं ओळीनं झोपलो. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला दादा. तो अजून घोरतो, आबांसारखा. जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं. अडीच कधी वाजून गेले कळलं नाही.

पाणी चढतच राहिलं. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, कापडपेठ, एकेक नाव फोनवर यायचं आणि दादा डोळे मिटायचा. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. तो आमच्या पिढीचा सर्वांत मोठा पूर. या वेळी ते ५७ च्याही वर गेलं. गुरुवारी ब्रह्मनाळची बातमी आली. पलूस तालुक्यात पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली होती. आई त्या दिवशी जेवली नाही. पाटापुढं बसून राहिली. काय मागत होती कुणास ठाऊक. मी तिला आयुष्यात देवाकडं मोठ्यानं काही मागताना ऐकलेलं नाही. ती देवापुढं बसते, वाती वळते, नावं घेते. माहेरची, सासरची, गेलेल्यांची, असलेल्यांची. त्या दिवशी मी पहिल्यांदा जवळ बसून ती नावं ऐकली. दादाच्या नावामागं लगेच माझं होतं. मधे श्वासही नव्हता. पाच वर्षं रोज ती दोन्ही नावं अशी जोडून घेत होती, आणि मला वाटत होतं की घरात माझं नाव निघत नसेल.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, घरातलं धान्य संपलं. कणीक संपली होती, दुकानं बंद, वाटपाच्या गाड्या आधी पाण्यातल्या लोकांकडं जात होत्या आणि ते बरोबरच होतं. बायको डबे हलवून बघत होती. आईनं कोपऱ्यातला तो स्टीलचा डबा ओढला.

"आत्या, ते देवाचे तांदूळ," वहिनी म्हणाली.

"मग? देव घेऊन आले नव्हं आपल्यासाठी?"

तिनं तांदूळ परातीत ओतले, निवडले. मूठभर बाजूला काढून रुमालाच्या टोकाला बांधले, बाकीचे धुतले. देवांना लागलेलं हळदीकुंकू तांदळात उतरलं होतं. पहिलं पाणी केशरी निघालं, ते तिनं तुळशीच्या कुंडीत ओतलं. तरी भात शिजल्यावर किंचित पिवळा दिसला. वर आमसुलाचं सार. आधी पाटावर नैवेद्य, मग दिवस असेतोवर आजी-आजोबांची पानं, मग मुलं, मग आम्ही. दादा माझ्या शेजारी बसला होता. पहिला घास घेतला आणि तो तसाच थांबला. त्याच्या हातातला घास थरथरत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मनात पाच वर्षांत रचून ठेवलेली वाक्यं होती, माफीची, हिशेबाचीही. एकही बाहेर आलं नाही. तो म्हणाला, "भात वाढ." मी वाढला.

श्रद्धेवर मी फार बोलू शकत नाही, तेवढा अधिकार नाही. पण त्या दिवशी पोटात जे शांत झालं ते पुन्हा पहिल्यासारखं पेटलेलं नाही, हे मी खात्रीनं सांगू शकतो. ते ताटावरच झालं. मी अनेकदा विचार केला आहे की तोच भात एकटा बसून खाल्ला असता तर काय झालं असतं. पोट भरलं असतं.

पाणी उतरलं तसे आम्ही सगळे मिळून गावभागात गेलो. चिखल घोट्याच्या वर, वास असा की उमासे यावेत. मागची मातीची भिंत बसली होती. आबांनी लावलेल्या नोंदींच्या जुन्या वह्या लगदा होऊन कोनाड्यात चिकटल्या होत्या. देव्हाऱ्याचं लाकूड फुगून दारं उघडेनाशी झाली. कोल्हापूरहून ताई आणि दाजी आले. पंचगंगेनं त्यांचेही हाल केले होते, तरी आले. राखी पौर्णिमा हुकली होती, तिनं चिखलाच्या हातांनीच दोघांना राख्या बांधल्या. आठ दिवस आम्ही फावड्यानं चिखल ओढला. चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी पहाटे गणपती मंदिरात नेहमीप्रमाणे चोर गणपती गुपचूप येऊन बसला. वाजंत्री नाही, गाजावाजा नाही. आई तेव्हा म्हणाली, बघा, तो आला, आता घर लागंल.

मी वकिलाला फोन करून नोटीस मागं घेतली. हिश्शाचा प्रश्न तसा आजही सुटलेला नाही. मागची भिंत बांधायला लागलेल्या पैशांतून तो थोडा फिटला, थोडा राहिला आहे. वर्षातून एकदा त्यावरून आवाज चढतो. मग वहिनी चहा टाकते.

त्या वर्षीची चंपाषष्ठी २ डिसेंबरला आली. जुन्या घरी. सुताराकडून देव्हारा दुरुस्त करून घेतला होता, थोडा रुंद करून. आईनं मला विचारलं, "तुझे देव नेणार का ठेवणार?" मी म्हटलं, "ठेव." तळीला माणसं मोजली. दादा, मी, आमची दोन मुलं. चार. दाजींना रजा मिळाली नव्हती. पूर्वीचा मी असतो तर शेजारून कुणी बोलवायला धावलो असतो. आईनं दादाच्या धाकटीकडं पाहिलं. "ये गं, बस. तू पाचवी." मुलगी नऊ वर्षांची. ती फ्रॉक सावरून मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी ताम्हनाची कड धरली. आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसले होते. त्यांना प्रसाद घेता यावा म्हणून तळी दिवस मावळायच्या आत भरली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. भंडारा मार्केट यार्डातल्या हळदीचाच, आबांच्या जुन्या पेढीवरून दादानं आणलेला. ताम्हन वर गेलं आणि पाच तोंडांनी एकदम येळकोट निघाला. भंडारा उडून धाकटीच्या पापण्यांवर बसला. तिनं डोळे मिटून घेतले.

नंतर आईनं रुमालाची गाठ सोडली. त्यात ते मूठभर तांदूळ होते. तिन्ही अन्नपूर्णांच्या खाली तिनं ते चिमटी चिमटीनं पसरले.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. मी आकडा बघत होतो, ५० च्या दिशेनं चाललेला. संध्याकाळी फोन वाजला. या वेळी दादाचा.

"आईनं डबा भरलाय. किती वाजता येतोस?"

"निघालोच."

"गाडी पुढं आणू नकोस, आम्ही चालत येतो. आणि ऐक, ह्या खेपेला दहा किलोचा घेतलाय म्हणती."